टेबलाभोवतीची बस

मित्रांनो, ज्याच्यावर तुम्ही जेवता, चित्रे काढता आणि आईचे लक्ष नसताना ज्याच्यावर चढून वरच्या फळीवरचा बिस्किटांचा डबा काढता, त्या टेबलाकडे तुम्ही कधी नीट पाहिले आहे का? नसेल, तर आज माझ्याकडे पाहा. मी एक जुने जेवणाचे टेबल आहे. अंडाकृती, जड लाकडाचे, सहा खुर्च्यांचे. एके काळी माझा रंग गर्द तपकिरी होता. आता अंगावर पांढरट गोल डाग आहेत. गरम पातेल्याखाली काहीतरी ठेवायचे असते, हे या घरात सगळ्यांना ठाऊक आहे, पण पातेले हातात असताना आठवत कुणालाच नाही.

माझा जन्म एका सुताराच्या कारखान्यात झाला. मला घडवायला सांगणारा माणूस शहर बसचा ड्रायव्हर होता. नुकतेच त्याने लहानसे घर घेतले होते आणि त्याच्या घरी बाळ येणार होते.

"टेबलाला कोपरे नकोत," त्याने सुताराला सांगितले. "पोरगं रांगायला लागलं की डोक्याला टेंगळं येतील."

"गोल कडेला मेहनत दुप्पट लागते हो," सुतार कुरकुरला.

"लागू दे. मी शहरातलं प्रत्येक वळण सावकाश घेतो. तुम्हीही घ्या."

सुताराने मग खरोखरच वेळ घेतला. माझी कड त्याने इतकी घासली, की हात ठेवला तर बोटे आपोआप तिच्याभोवती वळावीत. ड्रायव्हरने डोळे मिटून माझ्याभोवती हात फिरवला आणि म्हणाला, "झकास!" मित्रांनो, ती माझ्या आयुष्यातली पहिली शाबासकी.

पुढची वर्षे माझ्या भरभराटीची होती. ड्रायव्हर पहाटेच्या पाळीला जाताना माझ्यापाशी उभ्या उभ्या चहा प्यायचा. डेपोत त्याला सगळे 'सावकाश' याच नावाने हाक मारत, कारण एवढ्या वर्षांत त्याच्या गाडीला साधा ओरखडा आला नव्हता. त्याची बायको टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. दिवसभर ती लोकांचे फोन जोडून द्यायची आणि घरी आल्यावर त्याच खणखणीत आवाजात भात तयार असल्याचे जाहीर करायची. त्यांच्या मुलाने माझ्यावर पाढे पाठ केले, गुडघे फोडून घेतल्यावर माझ्यावर बसूनच मलमपट्टी करून घेतली आणि मोठा होऊन तो एका शाळेत व्यायामशिक्षक झाला. त्याचे लग्न झाले, घरात नर्स असलेली सून आली, मग नात आली. येणारा प्रत्येक पाहुणा मला थोपटून म्हणायचा, "टेबल मात्र भारी आहे हं!"

आणि मग घरात मोठा टीव्ही आला. त्याच्यामागून सोफा आला. ताटे मांडीवर गेली. मला सरकवून भिंतीला टेकवले गेले आणि माझ्या अंगावर इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग चढला. त्यावर रद्दी, त्यावर हेल्मेट आणि सगळ्यात वर 'कधीतरी लागेल' म्हणून ठेवलेला एक बंद पडलेला पंखा. कुणी मला पुसेना. मी आहे की भिंत, हेही कुणाला कळेना.

ड्रायव्हर आता निवृत्त झाला होता. सगळे त्याला आजोबा म्हणू लागले होते, तेव्हा मीही आजोबाच म्हणते. एका सकाळी दाढी करता करता आजोबा खाली कोसळले. अर्धांगवायूचा झटका होता. जीव वाचला, वाचाही बरीचशी परत आली, पण डावा हात आणि डावा पाय ऐकेनासे झाले. एक फिजिओथेरपिस्ट मॅडम घरी येऊन त्यांच्याकडून व्यायाम करून घेऊ लागल्या. हळूहळू आजोबा उभे राहू लागले. पण आतली खोली त्यांना अडचणीची व्हायची. म्हणून त्यांचा पलंग बाहेरच्या खोलीत आणायचे ठरले. आता पलंग आणायचा, तर जागा हवी. सगळ्यांनी खोलीभर नजर फिरवली आणि ती माझ्यावर येऊन थांबली.

जुने सामान विकत घेणारा आला. त्याने मला टकटक वाजवून पाहिले. "माल चांगला आहे," तो म्हणाला, "पण आता एवढं मोठं टेबल कुणाला पाहिजे? सोमवारी टेम्पो घेऊन येतो."

सोमवार उजाडला, पण टेम्पो काही आला नाही. टेम्पोच काय, रस्त्यावर सायकलसुद्धा दिसेना. जगभर पसरलेली साथ आमच्या शहरात येऊन पोहोचली होती आणि सगळ्यांनी घरातच थांबायचे, असा आदेश निघाला होता.

तुमच्यापैकी काहींना ते दिवस आठवत असतील. शाळा बंद, दुकानांची शटर खाली आणि दुपारीही रस्त्यावर रविवार पहाटेसारखी शांतता. फिजिओथेरपिस्ट मॅडमचे येणे थांबले. सूनबाईंचे मात्र उलटे झाले. सगळे घरात आले आणि त्या घराबाहेर गेल्या. साथीच्या रुग्णांची सेवा करणाऱ्या नर्सना हॉस्पिटलच्या वसतिगृहातच राहायचे होते. बॅग घेऊन त्या दारात उभ्या राहिल्या. नात बिलगायला धावली, तिला त्यांनी घट्ट धरले आणि मग सगळ्यांना बजावले, "जेवणं वेळेवर करा. आणि काही झालं तरी बाबांना रोज चालवा. एक दिवस चुकला की पाय विसरायला लागतो."

दार बंद झाले. घरात उरले आजोबा, आजी, व्यायामशिक्षक आणि नात. आणि भिंतीशी उभे असलेले मी. पलंग आतल्या खोलीतच राहिला.

पहिले काही दिवस नुसता गोंधळ होता. व्यायामशिक्षकाने माझ्यावरचा ढीग उतरवला आणि पुस्तकांची चळत रचून तिच्यावर लॅपटॉप ठेवला. त्यासमोर उड्या मारत तो शाळेच्या मुलांना कवायत शिकवू लागला. तिसऱ्याच तासाला खालच्या मजल्यावरच्या बाईंचा फोन आला. "वर घोडा पाळलाय का हो?" त्यानंतरची सगळी कवायत बसून झाली.

शाळेची मुले त्याचे ऐकत होती. घरातला एकच विद्यार्थी ऐकत नव्हता. रोज सकाळी तो शिट्टी वाजवून म्हणायचा, "बाबा, चला! डावा पाय वर! एक, दोन!"

एके दिवशी आजोबांचा पारा चढला. "मी तुझ्या सातवीच्या वर्गात नाही! शिट्टी फुंकायची तर तिकडे जाऊन फुंक."

"बाबा, तुमच्या भल्यासाठीच सांगतोय ना?"

"चालून जायचंय कुठे? सांग की! खाली रस्ता बंद, बाग बंद, डेपो बंद. कुठे जाऊ मी चालत?"

आजोबा खुर्चीत बसले ते बसलेच. दुसऱ्या दिवशीही उठले नाहीत, तिसऱ्याही नाही. जेवायला बोलावले तरी मान फिरवायचे. पाय विसरू लागला होता. उठताना आधी जेवढा आधार लागायचा, त्याच्या दुप्पट लागू लागला. मुलगा गॅलरीत जाऊन पाठमोरा उभा राहायचा. त्याचे खांदे हलताना मला दिसायचे.

आजी हे सगळे पाहत होत्या. एका सकाळी त्यांनी नातीला हाताशी घेतले आणि दोघींनी जोर लावून मला भिंतीपासून ओढले. माझे पाय फरशीवर असे किंचाळले, की खालच्या बाईंनी नक्कीच वर पाहिले असेल. खोलीच्या बरोब्बर मध्यावर मला आणून उभे केले गेले. खुर्च्या लांब गेल्या. मुलाच्या गळ्यातली शिट्टी आजींनी काढून डब्यात टाकली. मग नातीने पुठ्ठ्याच्या पाट्या रंगवल्या आणि खोलीत ठिकठिकाणी चिकटवल्या. खिडकीवर 'बाजार', फ्रिजवर 'बर्फाचा कारखाना', औषधांच्या फळीवर 'सरकारी दवाखाना', टीव्हीवर 'सिनेमागृह'.

आजींनी एका हातात स्टीलचा पेला घेतला, दुसऱ्या हातात चमचा. टिंग टिंग!

"चला, गाडी सुटतेय! बाजार, दवाखाना, कारखाना, सिनेमागृह! पुढे सरका, दारात उभे राहू नका!" एक्स्चेंजमधला तो खणखणीत आवाज घरभर घुमला.

आजोबांनी डोळे उघडले. पाट्यांवरून त्यांची नजर एकदा फिरली, मग पुन्हा फिरली. कपाळावर आठ्या चढल्या.

"हा रूट चुकलाय," ते म्हणाले.

"काय चुकलंय? मी कंडक्टर आहे, मला सगळं माहीत आहे," आजी म्हणाल्या.

"कप्पाळ माहीत आहे! बाजारानंतर दवाखाना कसा येईल? आधी कारखाना येतो. मग दवाखाना. अशी गाडी नेलीस तर पॅसेंजर मारतील तुला."

"असं? मग तुम्हीच चालवून दाखवा."

मित्रांनो, चुकीचा रूट सहन करणे एकवेळ देवाला जमेल, जुन्या ड्रायव्हरला नाही. आजोबांनी उजवा हात पुढे केला आणि माझी कड पकडली. त्यांच्या कमरेला मऊ चादरीचा पट्टा बांधला होता. तो मागून मुलाने धरला, या वेळी 'एक, दोन' न मोजता. आजोबांचे सगळे वजन माझ्यावर आले. मी चारही पाय फरशीत रोवले. त्यांचा उजवा पाय पडला, डावा त्याच्यामागून फरफटत आला. पुन्हा उजवा, पुन्हा डावा. बाजार आला, कारखाना आला.

"अहो ड्रायव्हर, जरा हाणा की! ऑफिसला उशीर होतोय," मागून येणारी नात ओरडली. तिने खांद्याला आजीची पर्स अडकवली होती.

"घाई असेल तर उतरा आणि पायी जा!" आजोबा मान न वळवता म्हणाले.

मुलाला हसू आवरेना. कित्येक दिवसांनी त्या खोलीत कुणी हसले होते.

त्या दिवसापासून गाडी रोज सुटू लागली. रोज संध्याकाळी सूनबाईंचा व्हिडिओ कॉल यायचा. त्या पाहून सांगायच्या, "बाबांचा गुडघा सांभाळा. पट्टा सैल सोडू नका. दमले की लगेच बसवा." त्यांच्या गालांवर मास्कचे वळ उठलेले असायचे, पण बसमधली भांडणे ऐकताना त्या पोट धरून हसायच्या.

मला मध्यावर आणल्यामुळे आणखी एक गोष्ट झाली. जेवणे पुन्हा माझ्यावर होऊ लागली. आजींनी नवा नियम काढला. जेवण्यापूर्वी प्रत्येकाने आजच्या दिवसातली एक चांगली गोष्ट सांगायची आणि तिच्याबद्दल आभार मानायचे. नात पहिल्याच दिवशी हात जोडून म्हणाली, "आज नेट गेलं आणि गणिताचा तास बुडाला. देवा, तुझे खूप खूप आभार." तिच्या वडिलांनी डोळे वटारले, पण आजींनी निकाल दिला, "आभार ते आभार. मोजमाप नाही करायचं." मुलगा कधी भाजीवाल्याचे आभार मानायचा, कधी खालच्या बाईंचे, कारण त्यांनी घोड्याबद्दल पुन्हा विचारले नव्हते. आजोबांची पाळी आली की ते मात्र भाताकडे बघत म्हणायचे, "माझ्याकडे काही नाही. पुढे." कुणी आग्रह करत नसे. मग जेवण सुरू व्हायचे.

मध्येच त्या सामानवाल्याचा फोन आला. रस्ते उघडले की टेम्पो पाठवतो म्हणाला. आजींनी फोन घेतला. "टेबल मिळायचं नाही. ते ड्युटीवर आहे," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवून दिला. मित्रांनो, त्या क्षणी माझ्या लाकडाला पालवी फुटायचीच बाकी राहिली होती.

पण साथ अजून सरली नव्हती. एका संध्याकाळी सूनबाईंचा कॉल आला नाही. मुलाने लावला, तर उचलला गेला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी हॉस्पिटलमधून डॉक्टरांचा फोन आला. सूनबाईंना ताप होता, तपासणीत साथीचा आजार निघाला होता आणि आता त्यांना ऑक्सिजन लावला होता. बोलताना धाप लागत असल्यामुळे त्यांना फोन देता येत नव्हता. भेटायला जाण्याचा तर प्रश्नच नव्हता. रोज दुपारी एकदा डॉक्टर कळवणार होते, तेवढेच.

व्यायामशिक्षकाने शाळेला रजा कळवली आणि तो फोन समोर ठेवून माझ्यापाशी बसून राहिला. नात माझ्याखाली शिरली. माझ्या चार पायांमध्ये गुडघे पोटाशी घेऊन ती बसली आणि तिथून निघेना. ताट खाली सरकवले तर तसेच परत यायचे. तिची पाठ माझ्या पायाला टेकलेली असायची. तिचा प्रत्येक हुंदका मला लाकडातून जाणवायचा. मला हात असते, तर मी तिला जवळ घेतले असते. मला एवढेच जमत होते, की हलायचे नाही.

दुसऱ्या दिवशीचा डॉक्टरांचा फोन आदल्या दिवसासारखाच होता. आजी हात जोडून बसल्या होत्या. त्यांचे ओठ हलत होते. मुलगा वैतागून म्हणाला, "आई, तू इतकं बोलतेस त्याच्याशी, पण पलीकडून कुणी उचलतंय तरी का?"

आजी रागावल्या नाहीत. "हे बघ," त्या म्हणाल्या, "मी आयुष्यभर लोकांचे फोन जोडले. पलीकडचा पटकन उचलत नाही म्हणून आपण लाइन तोडायची नसते. रिंग वाजतेय ना? मग धरून ठेवायची. मी धरून ठेवलीय. तुला दम नसेल तर माझ्या शेजारी नुसता बस."

मुलगा शेजारी बसला. थोड्या वेळाने त्यानेही हात जोडले.

खुर्चीतून आजोबांचा आवाज आला. "गाडी काढा."

"अहो, आज राहू द्या," आजी म्हणाल्या.

"आज तर काढायचीच. जाताना पोरीने काय बजावलं होतं? बाबांना रोज चालवा. ती तिकडे एकेक श्वास घेण्यासाठी झटतेय आणि मी इथे बसून राहू? घंटा दे."

आजींनी पेला उचलला आणि चमचा त्याच्यावर पडला. टिंग टिंग. मुलाने पट्टा धरला. आजोबा उठले आणि माझ्यापाशी आले, पण त्यांनी नेहमीसारखा उजवा हात पुढे केला नाही. ते वळून उलट्या दिशेला तोंड करून उभे राहिले. मी आता त्यांच्या डाव्या बाजूला आले होते.

"बाबा, या बाजूने नको. डाव्या हाताला पकड नाही," मुलगा घाबरून म्हणाला.

"रोज एकाच बाजूने गेलं तर परतीचे पॅसेंजर कोण आणणार?"

त्यांनी उजव्या हाताने डावा हात उचलून माझ्या कडेवर ठेवला, जसे एखादे झोपलेले मूल ठेवावे तसा. मग उजवा हात काढून घेतला. डावा हात घसरला. त्यांनी तो पुन्हा ठेवला, तो पुन्हा घसरला. तिसऱ्या वेळी मात्र अंगठा माझ्या कडेखाली अडकला आणि हळूहळू, एकामागून एक, बोटे वळली. पकड अगदी दुबळी होती. पण मित्रांनो, सुताराने घासलेल्या त्या कडेवर आजवर कितीतरी हात पडले, पण इतके मोलाचे वजन माझ्यावर कधीच पडले नव्हते.

गाडी निघाली. उजवा पाय पडला. आजोबांच्या कपाळावर घाम आला, दात आवळले गेले. डावा पाय निघेना. सगळे श्वास रोखून पाहत होते, आणि तेवढ्यात माझ्याखालून आवाज आला.

"आजोबा! टाच उचलली! मला दिसली! चप्पल घासली नाही, उचलली तुम्ही!"

खाली बसलेल्या नातीच्या डोळ्यांसमोरच ती टाच होती. आमच्यापैकी दुसऱ्या कुणालाही ते दिसले नसते. ती रांगत बाहेर आली, केस विस्कटलेले, गालांवर सुकलेले अश्रू, आणि आजोबांच्या पायांपुढे बसून मागे सरकत ओरडू लागली, "अजून एकदा! हं, अजून! उचलला! परत उचलला!" अख्खी फेरी ती जमिनीवरून सरकत गेली. खुर्चीपाशी पोहोचल्यावर आजोबा धपकन बसले, ती त्यांच्या मांडीवर डोके ठेवून रडली, आणि मग मान वर करून म्हणाली, "आजी, मला भूक लागलीय."

त्या दुपारी ताटे वाढली गेली. आभारांची पाळी आली तेव्हा सगळ्यांना वाटले, आज हे टाळावे. पण आजोबा स्वतःहून बोलले. "मला बरेच दिवस वाटत होतं, की माझ्याकडे काही नाही. माझ्याकडे एक पोरगी आहे. ती परक्या माणसांना वाचवायला गेलीय. ती आमच्या घरात आली, त्याबद्दल आभार." त्यांनी जेवायला सुरुवात केली.

पुढचे दिवस कठीण होते, पण गाडी एकदाही चुकली नाही. दोन्ही दिशांनी निघाली. डॉक्टरांचे फोन आधी तसेच येत राहिले, मग त्यांचा सूर हळूहळू बदलला. ताप उतरला, ऑक्सिजन कमी केला. आणि एका दुपारी फोन वाजला, तेव्हा पलीकडून डॉक्टरांऐवजी एक घोगरा, दमलेला आवाज आला.

"जेवलात का सगळे?"

आजींनीच फोन हातात घेतला, एक्स्चेंजचा आवाज लावायचा प्रयत्न केला, आणि तो मध्येच फुटला. "बोला बाळ, बोला. लाइन चालू आहे."

पूर्ण बऱ्या होऊन, नंतरचे वेगळे राहण्याचे दिवसही संपवून सूनबाई घरी आल्या, त्या दिवशी सकाळपासून घरात नुसती धावपळ होती. गॅलरीतून नात ओरडली, "गाडी आली! आई उतरली!" शेजारपाजारचे लोक आपापल्या खिडक्यांत उभे राहून टाळ्या वाजवू लागले. मुलगा जिन्याकडे धावणार, तोच आजोबांनी हात वर करून त्याला थांबवले.

"दार मी उघडणार."

ते माझी कड धरून दाराच्या बाजूला आले. माझ्यापासून दारापर्यंत मोकळी फरशी होती. धरायला काही नव्हते. आजोबांनी क्षणभर माझ्यावर दोन्ही हात टेकले आणि मग ते सोडले. मुलगा मागे पट्टा धरून होता, पण पट्टा सैल लोंबत होता. पाऊल वेडेवाकडे पडत होते, खांदा एका बाजूला झुकला होता, तरी आजोबा चालत गेले आणि त्यांनी कडी काढली. डाव्या हाताने!

दारात सूनबाई उभ्या होत्या, निम्म्या झालेल्या, बॅग खांद्यावर. त्यांनी वर पाहिले आणि बॅग खाली पडली.

"बाबा! तुम्ही? उभे?"

"मग काय," आजोबा म्हणाले, "सून घरी येणार आणि सासरा खुर्चीत बसून राहणार?"

नात दोघांच्या मध्ये घुसली. आजी, मुलगा, सगळेच त्या दारात असे गोळा झाले, की कोण कुणाला धरून उभे आहे ते मला ओळखता येईना. खिडक्यांमधल्या टाळ्या वाढत वाढत पार गल्लीच्या टोकापर्यंत गेल्या. मित्रांनो, मी पुष्कळ मेजवान्या पाहिल्या आहेत, पण तसा विजय मी दुसरा पाहिला नाही.

मित्रांनो, माझी कहाणी ही एवढीच. मी फार शिकलेले नाही, पण एक विनंती करते. घरातले टेबल असो, की खुर्चीत गप्प बसलेले एखादे म्हातारे माणूस असो, त्याला भिंतीला लावून टाकू नका. त्याला मध्यावर घ्या. अधूनमधून टेबलाचे सैल झालेले स्क्रू आवळा, धूळ पुसा, आणि म्हाताऱ्या माणसाशी चार शब्द बोला. रुसले तर थोडी थट्टा करा. एकत्र जेवा. आणि दिवस कितीही वाईट असला, तरी घास उचलण्याआधी आभार मानण्यासारखे काहीतरी शोधा. शोधले की सापडते.

आता मला रजा द्या. हात धुऊन सगळे येत आहेत. सूनबाई ताटे मांडत आहेत, आणि आज एक खुर्ची जास्तीची लागणार आहे. खालच्या बाई जेवायला येत आहेत.